सेकंड हँड एसयूव्ही घेतली आणि कटकटी सुरू झाल्या? मग हे क्रमाने करा

गाडी घरी येते, नारळ फुटतो, पेढे वाटून होतात, आणि बरोब्बर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बोनेटखालून कसलातरी आवाज यायला लागतो. मग डीलरला फोन. तो म्हणतो, "अहो साहेब, एवढं तर चालतंच जुन्या गाडीत." तुम्ही गप्प बसता, गॅरेजवाल्याला तीन हजार देता, आवाज परत येतो, परत पैसे जातात, आणि सहा महिन्यांनी जेव्हा खरोखर डोकं फिरतं तेव्हा तुमच्या हातात एक पण कागद नसतो. माझं अगदी असंच झालं असतं, थोडक्यात वाचलो. म्हणून पहिल्यांदाच जुनी एसयूव्ही घेतलेल्यांसाठी हे सगळं लिहितोय, गाडी कशी निवडायची ते नाही, तर घेतल्यावर प्रॉब्लेम निघाला तर काय करायचं आणि कुठल्या क्रमाने करायचं.

माझी गाडी २०१८ची डिझेल, सात सीटर, २०२४मध्ये पुण्यातल्या एका डीलरकडून ९ लाख २० हजाराला घेतली. "डॉक्टरांची गाडी आहे, घर ते क्लिनिक एवढीच चाललीय." हे वाक्य पुण्यात प्रत्येक जुन्या गाडीबद्दल ऐकायला मिळतं, इतके डॉक्टर शहरात आहेत तरी का देव जाणे. पहिल्याच ट्रिपला चिपळूणला जाताना कुंभार्ली घाट उतरलो आणि खाली येईस्तोवर ब्रेकचा पेडल स्पंजसारखा खाली जायला लागला, जळका वास, मागे आई आणि दोन पोरं. थांबलो, अर्धा तास गाडी थंड केली, आणि गिअरमध्ये हळूहळू गेलो. तिथून सगळं सुरू झालं.

आधी ठरवा, गाडी चालवायची की उभी करायची

सगळ्या तक्रारी सारख्या नसतात. एसी कमी थंड करतोय, पॉवर विंडो अडकतेय, इन्फोटेनमेंटची स्क्रीन हँग होतेय, ह्यात जीव जात नाही, वैताग येतो फक्त. पण ब्रेकचा पेडल खाली जाणं, स्टिअरिंग एका बाजूला ओढणं किंवा त्यात ढिलाई जाणवणं, एअरबॅगचा दिवा पेटलेला राहणं, डिझेल-पेट्रोलचा वास केबिनमध्ये येणं, टायरच्या बाजूला फुगा दिसणं, चालत्या गाडीत इंजिन बंद पडणं, ह्यापैकी एक जरी असेल तर गाडी उभी करा. एसयूव्ही हॅचबॅकपेक्षा बरीच जड असते आणि उंच असते, त्यामुळे जे छोट्या गाडीत "जरा गडबड" असतं ते इथे घाटात थेट दरीचं काम असतं. आणि आणखी एक गोष्ट, दोष माहीत असून तुम्ही दोन हजार किलोमीटर फिरवलीत तर समोरचा वकील पुढे नेमकं हेच म्हणणार, की एवढी चालवली म्हणजे गाडीत फार काही नव्हतं.

गाडी हलवायचीच असेल तर टोइंग करा. इन्शुरन्समध्ये रोडसाइड असिस्टन्स आहे का ते आधी बघा, बऱ्याच जणांना माहीतच नसतं की आपण त्याचे पैसे भरलेत.

नंतर लिहायला बसा, गॅरेजला जायच्या आधी

हे लोक करत नाहीत. मी पण करणार नव्हतो, माझ्या मेव्हण्याने करायला लावलं, तो कोर्टात क्लार्क आहे. एक साधी वही घ्या किंवा फोनमधलं नोट्स, आणि प्रत्येक वेळी प्रॉब्लेम आला की तारीख, ओडोमीटरचा आकडा, गाडी थंड होती की गरम, स्पीड किती, रस्ता कसला, आणि नेमकं काय झालं ते लिहा. "ब्रेक खराब" असं नाही लिहायचं. "कुंभार्ली उतरताना तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर पेडल नेहमीपेक्षा दोन बोटं खाली गेला, जळका वास, थंड झाल्यावर पूर्ववत" असं लिहायचं. व्हिडिओ काढा, आणि व्हिडिओत एकदा मीटर दिसू द्या. बाजूला बसलेल्याला काढू द्या, चालवणाऱ्याने नाही.

आणि डीलरबरोबरचे सगळे व्हॉट्सॲप मेसेज, गाडीची जाहिरात अजून ऑनलाइन असेल तर तिचा स्क्रीनशॉट (त्यात "नॉन ॲक्सिडेंट", "फुल सर्व्हिस हिस्टरी" असे शब्द असतील तर सोनंच), पैसे दिल्याचे यूपीआय आणि बँकेचे एन्ट्री, सगळं एका फोल्डरमध्ये. ज्या फोनवर मेसेज आलेत तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. नुसत्या प्रिंटआउटला कोर्टात अडचण येते, त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं सर्टिफिकेट लागतं, ते पूर्वीचं ६५ब.

आता गाडीत नेमकं काय आहे ते शोधा

इथे जरा वेळ द्या, कारण अर्धी तक्रार इथेच जिंकली किंवा हरली जाते.

ब्रेकपासून सुरू करू. पेडल स्पंजी होण्याची किंवा घाटात ब्रेक कमी लागण्याची कारणं साधारण तीन. एक, ब्रेक ऑइल जुनं झालंय. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, ओलावा वाढला की त्याचा उकळबिंदू खाली येतो, आणि घाटात सतत ब्रेक दाबून ते उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात पण ब्रेक लागत नाही. साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं, पण जुन्या गाडीत कोणी बघत नाही. दोन, पॅड संपलेत किंवा स्वस्तातले टाकलेत. तीन, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा पार्ट) अडकतोय म्हणजे ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासत राहतो, ही चाचणी सोपी आहे, वीस मिनिटं चालवून थांबा आणि चारही चाकांजवळ हात न्या (लावू नका, भाजेल), एक चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर तिथे गडबड आहे. माझ्याकडे पहिली आणि तिसरी दोन्ही होती.

स्टिअरिंग आणि सस्पेन्शन. सपाट रस्त्यावर हात हलका सोडून बघा, गाडी एका बाजूला जातेय का. अलाइनमेंट असू शकतं, टायरची हवा असू शकते, पण अलाइनमेंट करून पण परत ओढत असेल तर लोअर आर्म किंवा टाय रॉड एंड (चाक धरून ठेवणारे आणि वळवणारे पार्ट) किंवा सगळ्यात वाईट म्हणजे चेसीस, गाडीचा खालचा सांगाडाच, वाकलेली. खड्ड्यात खटखट म्हणजे बहुतेक वेळा लिंक रॉड किंवा बुश, हे स्वस्तातलं काम आहे, घाबरू नका. गाडी लिफ्टवर चढवून खालून बघायला सांगा, लॅडर फ्रेमच्या गाडीत (म्हणजे जिची चेसीस बॉडीपासून वेगळी असते) चेसीसवर ताजं वेल्डिंग किंवा फक्त एकाच ठिकाणी नवा काळा रंग दिसला तर फोटो काढा आणि गॅरेजवाल्याला विचारा हे काय आहे, बहुतेक जण खरं सांगतात कारण त्याचं काही जात नाही.

टायर. बाजूला डीओटी नंतर शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर आहे पण टायर सात-आठ वर्षांचा आहे असं होतं आणि तो हायवेला फुटतो. समृद्धीवर उन्हाळ्यात जायचं असेल तर हे आधी बघा. स्टेपनीचा पण बघा. एक गंमत सांगतो, स्टेपनीची तारीख गाडी बनली त्याच सुमाराची असेल आणि बाकी चार टायर एकदा बदललेले असतील, तर किती किलोमीटरला बदलावे लागले असतील त्यावरून "पस्तीस हजार चाललीय" हा दावा तपासता येतो.

मीटर. किलोमीटर मागे घेतलेले असणं इतकं कॉमन आहे की मला आता राग पण येत नाही. पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचं लेदर चकाकतंय, ड्रायव्हर सीटची कड बसलेली, आणि मीटर चाळीस हजार, मग काहीतरी चुकतंय. पुरावा म्हणून चालतात ती जुनी सर्व्हिसची बिलं, ज्यावर किलोमीटर छापलेले असतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चेसीस नंबर देऊन हिस्टरी मागा. काही ठिकाणी फक्त आरसीवर ज्याचं नाव आहे त्यालाच देतात, म्हणून नावावर होऊ द्या आणि मग जा.

डिझेल असेल तर अजून दोन. बीएस६ म्हणजे एप्रिल २०२०नंतरच्या डिझेल गाड्यांत डीपीएफ असतो, धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेला सलग चालावी लागते, फक्त शहरात घर-ऑफिस केलं तर तो तुंबतो, दिवा पेटतो, पिकअप जातो, आणि सारखं अर्धवट साफ होऊन काही गाड्यांत डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरून ऑइलची पातळी वाढते. हो, वाढते. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल तर आनंदी होऊ नका. दुसरं, इंजिनचे आतले भाग एका तालात फिरवायला टायमिंग बेल्ट आहे की चेन ते माहीत करून घ्या. उदाहरणार्थ डस्टरच्या दीड लिटर डिझेलमध्ये रबरी बेल्ट आहे, तो ठरल्या मुदतीत बदलला नाही आणि तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन उघडावं लागतं. बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असं समजून चाला.

आता एअरबॅग, आणि ह्यावर मी जरा थांबणार आहे, कारण ह्यात लोक खरोखर मरतात आणि घेणाऱ्याला पत्ता नसतो. चावी फिरवली किंवा बटण दाबलं की मीटरवर एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझायला पाहिजे. पेटलेलाच राहिला तर सिस्टिममध्ये बिघाड. पण पेटलाच नाही तर ते जास्त वाईट, कारण अपघातात एअरबॅग उघडून गेल्यावर नवीन टाकायला खर्च खूप येतो म्हणून काही जण फक्त कव्हर बसवतात आणि दिव्याचं कनेक्शनच काढतात. त्याहून हुशार लोक एअरबॅगच्या जागी रेझिस्टर, म्हणजे सिस्टिमला फसवणारा एक छोटा इलेक्ट्रिक पार्ट, लावतात, मग दिवा व्यवस्थित पेटतो आणि विझतो आणि आत काहीच नसतं. माझ्या गाडीत दिवा पेटतच नव्हता. माझ्या लक्षात दोन महिने आलं नाही, एका ओळखीच्या मेकॅनिकने सहज चावी फिरवली आणि म्हणाला, "दादा, एअरबॅगचा दिवा कुठंय?" स्कॅनर लावला तर ड्रायव्हरच्या एअरबॅगच्या सर्किटचा फॉल्ट. स्टिअरिंगवरचं पॅड बदललेलं. डाव्या बाजूचा फेंडर रंगवलेला आधीच दिसत होता, आता सगळं जुळलं.

हे घरी उघडून बघायचं काम नाही. एअरबॅगमध्ये स्फोटक असतं, चुकीच्या पद्धतीने पॅड काढलं तर तोंडावर फुटू शकतं. स्कॅनिंग आणि तपासणी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच करा आणि रिपोर्ट छापील घ्या.

आणि पुढे लोखंडी बंपर गार्ड असेल तर काढून टाका. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७मध्ये राज्यांना ह्यावर कारवाई करायला सांगितलंय. धडकेचा जोर सेन्सरला जसा कळायला पाहिजे तसा कळत नाही आणि एअरबॅग वेळेवर उघडेल ह्याची खात्री राहत नाही. मालकाला वाटतं गाडी मजबूत झाली.

पुराची गाडी. २०१९च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली, २०२१च्या जुलैमध्ये चिपळूण-महाड, किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय, आणि त्यातल्या बऱ्याच धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात जातात. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, टोकाला चिखलाचा डाग किंवा कडकपणा दिसतो, कारण धुणारे तिथपर्यंत पोचत नाहीत. सीटखालचे कनेक्टर हिरवट झालेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का, पाऊस पडल्यावर केबिनला कुबट वास येतो का. पुराच्या गाडीचा त्रास लगेच येत नाही, वर्षभराने एकेक सेन्सर जायला लागतो.

रिकॉल आहे का ते बघा, हे फुकट आहे

काही दोष आधीच्या मालकाचे नाहीत आणि डीलरचे पण नाहीत, थेट कंपनीचे असतात, आणि कंपनीने ते मान्य करून गाड्या परत बोलावलेल्या असतात. ह्याला रिकॉल म्हणतात. रिकॉलचं काम गाडीला चिकटतं, मालकाला नाही, म्हणजे तुम्ही तिसरे मालक असलात तरी फुकट करून मिळायला पाहिजे. पण कंपनीचं पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर जातं आणि तो कशाला सांगतोय.

उदाहरणं द्यायची तर, जानेवारी २०२३मध्ये मारुतीने ११,१७७ ग्रँड विटारा मागच्या सीट बेल्टच्या ब्रॅकेटसाठी बोलावल्या, ऑगस्ट २०२३मध्ये महिंद्राने १,०८,३०६ एक्सयूव्ही७०० इंजिन बेमधल्या वायरिंगच्या तपासणीसाठी. आणि सगळ्यात मोठं प्रकरण टाकाटा ह्या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं, जगातला आजवरचा सगळ्यात मोठा रिकॉल. त्यात इन्फ्लेटरमधलं (एअरबॅग फुगवणाऱ्या भागातलं) अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्ण आणि दमट हवेत राहून बिघडतं आणि अपघातात एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडतात. भारतात होंडाच्या सीआर-व्ही सकट अनेक मॉडेल ह्यात होती. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोवा इथे वर्षानुवर्षं राहिलेली त्या काळातली गाडी घेतली असेल तर हे काम झालंय का ते आजच विचारा.

कसं बघायचं? आरसीवर चेसीस नंबर असतो, सतरा अक्षरांचा. कंपनीच्या वेबसाइटवर टाकता येतो, नाहीतर कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा की ह्यावर काही कॅम्पेन पेंडिंग आहे का. ते लोक रिकॉल हा शब्द टाळतात, "सर्व्हिस कॅम्पेन" म्हणतात, म्हणून दोन्ही शब्द वापरून विचारा.

आणि तुम्हाला वाटत असेल की दोष फक्त तुमच्या गाडीत नाही, ह्या मॉडेलमध्येच आहे, तर मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम ११०अ आलंय. त्याचे नियम १ एप्रिल २०२१पासून लागू आहेत, आणि सात वर्षांच्या आतल्या गाडीचा मालक सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर सुरक्षेच्या दोषाची तक्रार नोंदवू शकतो. ठरावीक संख्येने तक्रारी आल्या तर सरकार चौकशी करून कंपनीला रिकॉल करायला लावू शकतं. त्यातून तुम्हाला वैयक्तिक पैसे मिळत नाहीत, म्हणून हे बाकीच्या गोष्टींच्या ऐवजी नाही, सोबत करायचं.

आता मुख्य प्रश्न, तक्रार कोणावर

इथे सगळे गंडतात.

तुम्ही गाडी डीलरकडून घेतली असं तुम्हाला वाटतं. पण कागद काढून बघा. बऱ्याचदा जुन्या मालकाकडून गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३०वर आधीच कोऱ्या सह्या घेतलेल्या असतात, त्याला आपल्याकडे ओपन टीटीओ म्हणतात, आणि गाडी जुन्या मालकाच्या नावावरून थेट तुमच्या नावावर होते. डीलर मध्ये कुठेच नाही! उद्या तो सरळ म्हणतो, "मी फक्त ओळख करून दिली." म्हणून पैसे कोणाच्या खात्यात गेले, टोकनची पावती कोणाच्या लेटरहेडवर आहे, डिलिव्हरी नोटवर शिक्का कोणाचा, चॅटमध्ये किंमत कोणी ठरवली, हे सगळं महत्त्वाचं होतं. माझ्या केसमध्ये साडेआठ लाख बँकेतून त्याच्या फर्मच्या खात्यात गेले होते आणि सत्तर हजार रोख दिले होते. ते सत्तर हजार सिद्ध करता आले नाहीत. रोख देऊ नका, कितीही "थोडं ॲडजस्ट करा" म्हटलं तरी.

१ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृतपणाचं सर्टिफिकेट घ्यावं लागतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद पोर्टलवर झाली की विक्री होईपर्यंत तो डीलर त्या गाडीचा मालक मानला जातो. डीलरला विचारा सर्टिफिकेट आहे का. माझ्याने विषय बदलून चहा मागवला.

आता कोणावर काय चालतं:

डीलर किंवा ऑनलाइन गाड्या विकणारी कंपनी, जी धंदा म्हणून विकते, तिच्यावर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागतो. अपघाताची गाडी "नॉन ॲक्सिडेंट" म्हणून विकणं, किलोमीटर खोटे दाखवणं, हे अनुचित व्यापारी प्रथेत बसतं. "जशी आहे तशी" असं छापलेल्या कागदावर तुमची सही असेल तर केस थोडी अवघड होते पण मुद्दाम लपवलेल्या गोष्टीला ते कव्हर होत नाही, घाबरून सोडून देऊ नका.

शेजारी, ऑफिसमधला सहकारी, किंवा एखादा माणूस ज्याने स्वतःची एकच गाडी विकली, तो व्यापारी नाही, त्याच्यावर ग्राहक आयोगात (पूर्वीचा ग्राहक मंच) जाता येत नाही. तिथे दिवाणी दावा, किंवा सरळसरळ फसवणूक असेल तर पोलीस, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, पूर्वीचं आपलं चारशेवीस. पोलीस "हा दिवाणी मामला आहे" म्हणून परत पाठवायचा प्रयत्न करतात, त्यामुळे खोट्या सांगण्याचा लेखी पुरावा असेल तरच तिकडे वेळ घाला.

गॅरेज किंवा सर्व्हिस सेंटरने काम बिघडवलं असेल तर ती सेवेतली त्रुटी, त्यांच्यावर वेगळी तक्रार. आणि मूळ दोष उत्पादनाचा असेल तर कंपनीला पण पार्टी करा, पण उगाच सगळ्यांना ओढू नका, कंपनीचे वकील तयारीचे असतात आणि केस लांबते.

तक्रार कशी करायची, एकेक करून

पहिल्यांदा डीलरला ईमेल आणि स्पीड पोस्टाने पत्र. वकिलाची नोटीस दिली तर वजन पडतं पण साधं पत्र पण चालतं. त्यात गाडीचा नंबर, चेसीस नंबर, विकत घेतल्याची तारीख, दिलेली रक्कम, काय सांगितलं होतं, काय निघालं, कधी निघालं, तपासणीचा रिपोर्ट जोडला आहे, आणि मला काय पाहिजे (दुरुस्तीचा खर्च की गाडी परत आणि पैसे परत), पंधरा दिवसांची मुदत. शिवीगाळ नाही, "तुम्ही चोर आहात" नाही. राग येतो, मान्य आहे, तो मेव्हण्याला फोन करून काढा.

दुरुस्ती लगेच करून टाकायचा मोह होतो. सुरक्षेचं काम असेल तर करा, पण आधी लेखी कळवा की अमुक तारखेला अमुक ठिकाणी उघडतोय, येऊन बघायचं असेल तर या. काढलेले जुने पार्ट गॅरेजमध्ये सोडू नका, पोत्यात घालून घरी आणा. आमच्या बाल्कनीत ब्रेक डिस्क वर्षभर होत्या, बायकोने त्यावर कुंडी ठेवली होती. आयोगाला गरज वाटली तर तो दोष तपासायला वस्तू लॅबकडे पाठवू शकतो, त्यावेळी पार्टच नसेल तर काय पाठवणार.

उत्तर आलं नाही की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ते समोरच्याला कळवतात, मोठ्या ऑनलाइन कंपन्या बऱ्याचदा इथेच मिटवतात, पण छोटा डीलर त्यांना दाद देत नाही. हेल्पलाइनला निकाल देण्याचा अधिकार नाही, त्यामुळे तिथे सहा महिने वाट बघत बसू नका.

मग जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच, म्हणजे जवळपास सगळ्या जुन्या एसयूव्ही इथेच येतात. आता तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे गाडी मुंबईतून घेतली आणि तुम्ही नाशिकला राहता तर नाशिकला करा, डीलरला येऊ दे घाट चढून. फी अगदी किरकोळ आहे, ५ लाखांपर्यंत काही नाही, ५ ते १० लाख २०० रुपये, १० ते २० लाख ४०० रुपये, २० ते ५० लाख १,००० रुपये. ऑनलाइन करायचं तर पूर्वी ई-दाखिल होतं, २०२५पासून ई-जागृती पोर्टल आहे. वकील सक्तीचा नाही. मी पहिल्या तारखेला एकटाच गेलो, दुसऱ्यापासून वकील केला कारण समोरून दोन आले होते आणि मला काहीच बोलता आलं नाही.

आयोगात जायची मुदत दोन वर्षं, तक्रारीचं कारण घडल्या दिवसापासून. फोनवर "बघतो साहेब, करून देतो" ऐकत बसाल आणि ही मुदत निघून जाईल, डीलरचा प्लॅनच तो असतो.

समोरच्याला म्हणणं मांडायला ३० दिवस, फार तर आणखी १५. कायद्यात म्हटलंय की तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात तारखा पडतात, एक-दोन वर्षं सहज जातात. तेवढी मनाची तयारी ठेवा, आणि रक्कम पंधरा-वीस हजाराची असेल तर खरं सांगतो, पत्र आणि हेल्पलाइनपर्यंतच जा.

मधल्या काळात कागद नीट करा

तक्रार चालू आहे म्हणून ट्रान्सफर अडवून ठेवू नका. गाडी नावावर नसेल आणि अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या माणसावर येते, सुप्रीम कोर्टाने २०१८मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार केसमध्ये हे स्पष्ट केलंय, मग जुना मालक तुमच्या मागे लागतो आणि कटकट दुप्पट. इन्शुरन्सवर पण ट्रान्सफरनंतर चौदा दिवसांत नाव बदलायचा अर्ज करा. थर्ड पार्टी आपोआप तुमच्याकडे येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर नाव बदलल्याशिवाय नाही. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची प्रीमियममधली सूट) तुम्हाला मिळत नाही, तो फरक भरावा लागतो. गाडीवर कर्ज होतं का ते आरसीवर दिसतं, बँकेचं नाव असेल तर फॉर्म ३५ (कर्जाची नोंद काढायचा) आणि बँकेच्या एनओसीशिवाय पुढे जाऊ नका.

तडजोड आली तर

बहुतेक केस निकालापर्यंत जात नाहीत. माझ्याकडे डीलरचा फोन तिसऱ्या तारखेनंतर आला. मी ब्रेकचं काम, एअरबॅगचा पूर्ण सेट आणि वायरिंग, अलाइनमेंट-लोअर आर्म मिळून १ लाख ३८ हजार मागितले होते, तो चाळीसवर होता, ८५ हजारावर आलो. गाडी परत घे म्हटलं असतं तर अजून दीड वर्ष गेलं असतं, आणि मधल्या काळात मला गाडी लागणार होती. कमी घेतले असं काही जण म्हणतात, म्हणू देत.

एवढंच बघा की तडजोड तोंडी करायची नाही. लेखी, दोघांच्या सह्या, रक्कम, तारीख, आणि ती आयोगासमोर दाखल करायची. त्याने मला चेक दिला आणि म्हणाला, आजच तक्रार मागे घ्या ना. मी म्हटलं, चेक वटू दे. पहिला चेक परत आला, सही जुळत नाही म्हणे. दुसऱ्यांदा आरटीजीएस करायला लावलं, पैसे खात्यात दिसले, मग पुढच्या तारखेला अर्ज दिला.

एअरबॅगचा दिवा आता चावी फिरवली की पेटतो आणि विझतो. मी रोज बघतो.